पेटी नंतर घे, आधी एक आवाज काढ

पत्र असं आहे:

“ताई, मी चोपडा तालुक्यातला. लग्नसराईत बॅन्डमध्ये कॅसिओ वाजवतो, बाकीचे महिने मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. वर्षभरापूर्वी मॉड्युलर सिंथेसायझरचा, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल्स) केबलने जोडून आवाज घडवायच्या यंत्राचा, एक व्हिडिओ पाहिला, त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही. ६०,००० रुपये जमवलेत. ओळखीतला एक जण म्हणतो, घ्यायची तर मॉड्यूल्स बसवायची पेटी, म्हणजे केस, मोठीच घे, नाहीतर पस्तावशील. कॅसिओ विकून अजून थोडे पैसे उभे करू का? कोणती मॉड्यूल्स आधी घ्यावीत? घरचे म्हणतात, एवढ्यात शेतात ठिबक झालं असतं. आणि खरं सांगा, हे आपल्या भागातल्या माणसाचं काम आहे का?”

भाऊ,

शेवटचा प्रश्न तू सगळ्यात हळू विचारलास, म्हणून आधी तोच घेते.

१९६९ साली मूग कंपनीचा एक मोठा मॉड्युलर सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, येऊन बसला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या आपल्याच लोकांनी त्यावर काम केलं आणि त्याच्या टेप जपून राहिल्या. १९६९ ते १९७२मधलं ते संगीत २०२३ साली प्रसिद्ध झालं. ते मिळवून ऐक. अमळनेरला गाडीत बसलं की सुरतेवरून अहमदाबाद गाठता येतं, इतक्या जवळ हे घडत होतं. रॉबर्ट मूग यांनी आपलं पहिलं मॉड्युलर यंत्र १९६४मध्ये बनवलं. म्हणजे जेमतेम पाच वर्षांत ते आपल्या शेजारी आलं होतं. ‘आपल्याकडे हे कुठे असतं’ असं कोणी म्हटलं तर तू अहमदाबादचं नाव घे.

आता कॅसिओ. तो विकू नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगते. मॉड्युलरला स्मरणशक्ती नसते. केबल काढल्या की आवाज गेला, तो जसाच्या तसा परत येईल याची खात्री नाही. वरात दारात आल्यावर नवरदेवाचा मामा गाणं सांगतो आणि चार सेकंदांत ते सुरू व्हावं लागतं, ते काम कॅसिओचं. तुझं घर त्यावर चालतं. शिवाय पुढे तोच कॅसिओ मॉड्युलरला सूर सांगायला कामी येईल. मागे मिडी, म्हणजे कोणती पट्टी दाबली ते आकड्यांत सांगणारी जोडणी, असेल, तर आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि आकड्याचं व्होल्टेज करणारा एमसीपी४७२५ हा छोटा डॅक घेऊन तू स्वतः मिडीचं व्होल्टेज करणारा डबा बनवू शकशील. ५ व्होल्टचे ४,०९६ भाग हा डॅक करतो, म्हणजे एक पायरी सव्वा मिलीव्होल्टच्या आसपास. सुरासाठी तेवढं बारीक पुरतं. पण ते नंतर.

मोठी केस घे म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, पण त्याचं ऐकू नकोस. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरायला लागतो. मी जळगावात एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली. प्रोजेक्टसाठी सामान आणायला निघालेली पोरं पाहिली आहेत. ज्याला सर्किट कळलं आहे तो पाच वस्तू आणतो, ज्याला कळलेलं नाही तो पिशवी भरून आणतो. आधी काय हवं ते कळू दे.

ते कळायला पैसे लागत नाहीत. घरात किंवा दुकानात जुना लॅपटॉप असेल तर त्यावर व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर टाक. फुकट मिळतं, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं. त्यात खऱ्यासारखीच मॉड्यूल्स आणि खऱ्यासारख्याच केबल असतात. ‘फंडामेंटल’ नावाचा त्यांचाच संच आहे, त्यातली सातआठ मॉड्यूल्स सोडून बाकी कशाला हात लावू नकोस. लॅपटॉप जुना असेल तर पॅच, म्हणजे केबलची जोडणी, मोठा झाला की आवाज तुटेल, म्हणून छोटाच ठेव. स्कोप नावाचं मॉड्यूल मात्र कायम लावून ठेव. कानाला जे ऐकू येतं ते डोळ्याला दिसू लागलं की निम्मं शिक्षण तिथेच होतं.

दोन महिने रोज अर्धा तास एकच गोष्ट कर: एक आवाज पूर्ण तयार करायचा. आवाज पूर्ण म्हणजे काय, ते तुझ्याच धंद्यातल्या गोष्टींनी सांगते. ऑसिलेटर म्हणजे न थांबणारा सूर, भात्यातली हवा कधीच न संपणारी पेटी समज. त्याचा सूर कच्चा आणि टोकदार असतो. फिल्टर त्याची वरची धार कमी-जास्त करतो, जशी बॅन्डच्या मिक्सरवरची ट्रेबलची कळ, फक्त कितीतरी जास्त जोरकस. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजने वरखाली होणारा व्हॉल्यूम. आणि एन्व्हलप म्हणजे त्या व्हॉल्यूमवर बसलेला हात. ढोलावर टिपरी पडली की आवाज झटकन वर जातो आणि लगेच मावळतो. सनईत तो हळू चढतो, फुंक आहे तोवर राहतो. ऑसिलेटर तोच ठेवून नुसता एन्व्हलप बदललास तरी ढोलाची सनई होते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, मग कोणतं मॉड्यूल कशाला हवं हे कोणाला विचारावं लागणार नाही.

अजून एक. या दुनियेत सुराचा हिशोब व्होल्टात असतो. १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. म्हणजे एका अर्धस्वराला साधारण ८३ मिलीव्होल्ट. पण मधल्या व्होल्टेजला कोणी अडवत नाही. कॅसिओवर दोन पट्ट्यांच्या मधे सूर नाही, इथे आहे. मींड हवी असेल तर एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर सावकाश सरकायचं, बस. कानबाईच्या गाण्यात बाया जो सूर किंचित उतरता धरतात आणि पेटीवाला कितीही धडपडला तरी त्याला सापडत नाही, तो इथे एका नॉबच्या केसभर फिरण्यात आहे. मला स्वतःला या यंत्राची ओढ लागली ती याच कारणाने.

आता हाताला काम. तू मोबाइलच्या बोर्डवर मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करतोस. या छंदात येणारे बहुतेक जण सोल्डरिंगला घाबरतात आणि म्हणून तयार मॉड्यूलला दामदुप्पट मोजतात. तुझ्याकडे ती विद्या आधीच आहे, तीच वापर.

दुकानातून एक सीडी४०१०६ आयसी आण. त्यात सहा श्मिट इन्व्हर्टर, म्हणजे इनपुट वर गेलं की आउटपुट खाली आणणारे भाग, असतात. ब्रेडबोर्डवर बसव, १४ नंबरच्या पायाला ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस, ७ला मायनस. पाय १ आणि मायनस यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाय १ आणि पाय २ यांच्यामध्ये १०० केचा (किलो-ओहमचा) पॉट, म्हणजे नॉबने फिरणारा रेझिस्टर, त्याच्या जोडीला सिरीजमध्ये १ केचा रेझिस्टर. एवढंच. झाला ऑसिलेटर. पाय २वरून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे १० केचा रेझिस्टर, आणि तिथून मायनसला १ केचा रेझिस्टर. १० के आणि १ केच्या सांध्यावरून ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये तार घाल. व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून सुरू कर. पॉट फिरवशील तसा भुंग्यासारखा आवाज वरखाली पळेल.

आता पॉट काढ आणि त्याच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर, लाव. हाताची सावली पाडशील तसा सूर खाली येईल, मोबाइलचा टॉर्च जवळ नेशील तसा किंचाळेल. त्याच आयसीच्या पाय ३ आणि ४वर दुसरा ऑसिलेटर कर, पण १ मेगचा पॉट आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून. हा इतका सावकाश चालेल की त्याचा आवाज ऐकूच येणार नाही. पाय ४वरून ४.७ केच्या रेझिस्टरमधून एक एलईडी मायनसला जोड, म्हणजे तो लुकलुकताना दिसेल. आता एलईडी आणि एलडीआर समोरासमोर धरून काळ्या हीटश्रिंक नळीत बंद कर, दोन्ही टोकांनी उजेड आत जाऊ देऊ नकोस. झालं. एक ऑसिलेटर दुसऱ्याला हलवतो आहे. तू हात काढून घेतलास तरी सूर आपोआप वरखाली होतो आहे. मॉड्युलर म्हणजे हेच, पुढचं सगळं याचाच विस्तार. डॉन बुक्ला यांनी कॅलिफोर्नियात जी यंत्रं बनवली, त्यांच्या लो-पास गेटमध्ये, म्हणजे आवाज आणि त्याची धार एकदमच कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलमध्ये, एलईडी-एलडीआरच्या याच जातीचा भाग होता. उजेड गेल्यावर एलडीआर जरा रेंगाळतो आणि त्यामुळे आवाज लाकडावर टकटक केल्यासारखा गोड मावळतो.

उरलेल्या इन्व्हर्टरचे इनपुट, म्हणजे पाय ५, ९, ११ आणि १३, मायनसला बांधायला विसरू नकोस. मोकळे सोडले तर हा आयसी उगाच बडबडतो.

हा ऑसिलेटर सुरात लागणार नाही, हेही सांगून ठेवते. पट्टीत वाजणारा व्होल्टेज कंट्रोल्ड ऑसिलेटर हवा तेव्हा एएस३३४० या आयसीकडे वळ. मूळचा सीईएम३३४०, त्याची ही नवी आवृत्ती. त्यात तापमानाची भरपाई आतच केलेली आहे, आणि आपल्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारा भाग ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मावर चालतो आणि तो गुणधर्म उष्णतेने बदलतो, भरपाई नसेल तर दर अंशाला टक्क्याचा साधारण एक तृतीयांश. युरोपातल्या खोलीत याचा फार त्रास नाही. पण सकाळी पंख्याखाली सुरात लावलेलं यंत्र दुपारी ४४-४५ अंशांत, पत्र्याच्या खोलीत सुरू केलंस तर ते कुठल्या पट्टीत असेल सांगता येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये सुरू करून अर्धा तास तसंच राहू दे, मग ट्यून कर. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नकोस. दमट वारा जॅकमध्ये आणि पॉटमध्ये गेला की वर्षभरात खरखर सुरू होते.

सर्किट शिकायला मोरित्झ क्लाइन यांचे व्हिडिओ बघ. इतक्या शांतपणे, एकेक भाग जोडत समजावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लॅटव्हियाच्या एरिका सिंथ्सबरोबर त्यांनी शिकण्यासाठीचे किट काढले आहेत आणि त्यांची माहितीपुस्तकं फुकट वाचता येतात. किट न घेता पुस्तक वाचून नुसती भोकं असलेल्या झीरो पीसीबीवर तेच सर्किट उभं करता येतं. लागणारे आयसी साधे आहेत: टीएल०७२, एलएम१३७००, ४०१०६. जळगावात न मिळालं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर टाक. एकदाच जा, यादी करून जा. एलएम१३७०० मात्र फार स्वस्त मिळाला तर संशय धर, नकली पुष्कळ फिरतात. आयसी बेस लावूनच बसव म्हणजे बदलता येतो.

आता पॉवरबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नवखा माणूस सगळ्यात कमी लक्ष इथे देतो.

आज बहुतेक मॉड्यूल्स युरोरॅक या मापाची असतात. जर्मनीच्या डीटर डेप्फर यांनी १९९५च्या सुमारास ए-१०० ही मालिका काढली, तिच्यावरून हे माप रूढ झालं. याला +१२ व्होल्ट आणि -१२ व्होल्ट असे दोन्ही लागतात, काहींना +५सुद्धा. मागे दहा किंवा सोळा पायांचा कनेक्टर असतो, त्यात चपटी एफआरसी केबल जाते. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते. लाल म्हणजे प्लस असं आपल्या हाताला वळण असतं, पण इथे लाल रेघ -१२ची. एवढं लक्षात राहिलं नाही म्हणून माझं नुकसान झालं आहे.

मे महिन्यातली रात्र होती. तीन रविवार बसून एक फिल्टर पूर्ण केला होता. जोडायला घेतला आणि लाइट गेली. थांबायला हवं होतं, पण धीर निघेना. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून केबल लावली. कनेक्टरला खाच नव्हती, त्यामुळे ती उलटीही तितक्याच सहज बसली. लाइट आली तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले होते. परत आले तर गरम बेकेलाइटसारखा वास आणि टीएल०७२च्या पाठीवर एक बारीक फोड. दोन टीएल०७२ आणि एक १३७०० गेले. पैशाचं म्हणशील तर शेदोनशे रुपयांचं काम, पण ते तीन रविवार परत येणार नव्हते. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे, तो तूही पाळ. प्रत्येक मॉड्यूलच्या पॉवरच्या वाटेत दोन्ही बाजूंना १एन५८१९ हा शॉटकी डायोड घालायचा, म्हणजे उलटं लागलं तरी करंट आत जात नाही. खाच असलेला कनेक्टर, म्हणजे बॉक्स हेडरच वापरायचा, आणि तो सोल्डर करतानाच उलटा बसला नाही ना, हे मल्टीमीटरने बघायचं. अंधारात काही जोडायचं नाही. आणि नवं मॉड्यूल पहिल्यांदा एकटंच लावायचं, बाकीच्यांच्या पंगतीत नाही.

सुरुवातीची पॉवर सप्लाय अशी कर: १२ व्होल्टचे दोन सारखे, दोन पिनांचे, चांगल्या कंपनीचे अडॅप्टर घे. एकाचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस एकत्र जोड, तो झाला ग्राउंड. उरलेली दोन टोकं म्हणजे +१२ आणि -१२. यासाठी दोन्ही अडॅप्टर एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळे असावे लागतात. दोन पिनांचे बहुतेक असतात, तरी जोडायच्या आधी मीटर लावून बघ. दोघांच्या आउटपुटवर एकेक उलटा डायोड टाक. यात २३० व्होल्ट उघडे पडत नाहीत, म्हणून मला ही पद्धत नवख्यासाठी बरी वाटते. आवाजात बारीक शीळ ऐकू आली तर पुढे १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर घालून चांगली सप्लाय बनव, पण ती फ्यूज आणि अर्थिंगसकट, पत्र्याच्या डब्यात, आणि रिवाइंडिंगवाल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून. ७८१२ आणि ७९१२च्या पायांचा क्रम वेगळा असतो, तिथे पुष्कळ जण फसतात.

प्रत्येक मॉड्यूल किती मिलीॲम्पिअर खातं ते लिहिलेलं असतं. +१२ची बेरीज वेगळी, -१२ची वेगळी. समज +१२वर तुझी चार मॉड्यूल्स मिळून २१५ खातात, तर ५०० मिलीॲम्पिअरची सप्लाय निवांत चालेल. पाव हिस्सा तरी नेहमी शिल्लक ठेव. आपल्याकडे गावात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कसं नाचतं ते तुला माहीत आहे. दुकानात कॉम्प्युटरसाठी यूपीएस असेल तर सुरुवातीला यंत्र त्यावरच लाव. आणि लग्नाच्या गाडीवरच्या जनरेटरवर ते पहिलं वर्षभर तरी नेऊ नकोस.

पेटी सुताराकडून करून घे. मापं देते. मॉड्यूलची उंची १२८.५ मिलिमीटर, वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर १२२.५. रुंदी एचपीत मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. ८४ एचपीची एक ओळ म्हणजे सुमारे ४२.७ सेंटीमीटर. तेवढी एकच ओळ कर, आत ७-८ सेंटीमीटर खोली ठेव. रुळांसाठी ॲल्युमिनियमच्या एल पट्टीला भोकं पाडून एम३चे स्क्रू आणि नट चालतात. तबल्याच्या पेट्या करणारा सुतार असेल तर त्याला झाकण आणि कडी कशी लावायची हे सांगावंही लागत नाही.

यंत्रातून बाहेर येणारा सिग्नल फार मोठा असतो, टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्टच्या घरात. बॅन्डच्या मिक्सरला किंवा हेडफोनला तो तसाच द्यायचा नाही. वर सांगितलेली १० के आणि १ केची जोडी शेवटी कायम ठेव. हेडफोन आधी कानाला लावून मग केबल जोडायची, ही सवय तर लावूच नकोस. उलट क्रमाने कर. तुझ्या कानांवर तुझं पोट आहे.

६०,०००चं म्हणशील तर मी असे पाडेन. ८,००० ब्रेडबोर्ड, मीटर, आयसी, जॅक, पॉट, केबल या सगळ्याला. ७,००० पेटी आणि पॉवरला. सहा महिन्यांनंतर २०,०००पर्यंत एक किंवा दोन तयार मॉड्यूल्स. उरलेल्या २५,०००ला हात लावायचा नाही, ते घरी सांगून बँकेत ठेव. ठिबकचा विषय निघालाच आहे, तर तू काय खर्च करणार आणि काय नाही, हे वडिलांना कागदावर दाखव. जे सांगितलेलं नसतं त्याचीच घरच्यांना भीती वाटते.

परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीवरच नाही, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर कस्टम ड्यूटी लागते. साधी मॉड्यूल्स तिकडे साधारण ६० ते १५० युरोंत असतात, मोठी ३००च्या पुढे जातात. ऑर्डर देण्याआधी हातात पडेपर्यंतचा पूर्ण आकडा काढ. कोणी म्हणेल पाकिटावर किंमत कमी लिहून घे, तर तसं करू नकोस. अडकलं तर सोडवायला चोपड्याहून मुंबई.

सगळं तयारच हवं असेल तर सेमी-मॉड्युलर हा दुसरा रस्ता आहे. मेक नॉइजचा झीरो-कोस्ट किंवा मूगचा मदर-३२ यांत एक पूर्ण आवाज आधीच जोडलेला असतो, केबल लावल्या तर वाटा बदलतात. रस्ता चांगला आहे, मीही पुष्कळांना तोच सांगते. पण ज्याच्या हातात सोल्डरिंग आहे त्याने आधी बनवावं असं माझं मत आहे.

आणि ती तयार मॉड्यूल्स घ्यायची वेळ येईल तेव्हा दुसरा ऑसिलेटर घेण्याआधी एका मॉड्यूलचा विचार कर. डेप्फरचं ए-११९. दिसायला अगदी साधं, व्हिडिओत कोणी त्याचं कौतुक करत नाही. ते बाहेरचा आवाज आत घेतं. मायक्रोफोनचा बारीक सिग्नल मॉड्युलरच्या पातळीपर्यंत वाढवतं, त्या आवाजाचा चढउतार व्होल्टेजच्या रूपात बाहेर देतं, आणि आवाज ठरावीक पातळीवर गेला की गेट, म्हणजे चालू-बंदचा इशाराही देतं. आता विचार कर. तुझ्या बॅन्डमध्ये ढोल वाजवणारा आहे. त्याच्या ढोलाला एक माइक लाव, तो ए-११९मध्ये घाल आणि निघालेल्या व्होल्टेजने तुझा फिल्टर उघड. तो जोरात वाजवेल तसा तुझा सूर उजळेल, तो बोटांवर येईल तसा मंदावेल. घड्याळ यंत्राचं नाही, त्याच्या हाताचं. आपल्याकडची लय, सूर ओळीने वाजवत जाणाऱ्या सिक्वेन्सरच्या १६ सारख्या चौकटींत बसत नाही, ती जराशी ओढलेली असते, शेवटची थाप किंचित उशिरा येते. ती ओढ यंत्रात जशीच्या तशी आणायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. आणि हे तुला जितकं जमेल तितकं बर्लिनमध्ये बसलेल्याला जमणार नाही, कारण तो ढोलवाला त्याच्याकडे नाही.

म्हणून त्या ढोलवाल्याला आतापासूनच सोबत घे. पहिला ऑसिलेटर झाला की त्याला दुकानात बोलावून ऐकव. तो विचारेल, “हाई काय शे?” समजावत बसू नकोस, एलडीआर त्याच्या हाताखाली दे.

रोज जे निघेल ते मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि केबलचा एक फोटो काढून ठेव. दुसऱ्या दिवशी तोच आवाज परत जोडायचा प्रयत्न कर. जमला नाही तर कुठली केबल निराळी होती ते शोध. पहिल्या महिन्यात तुझी वही यानेच भरेल.

कपॅसिटर घेताना ०.१चे दहा घे, एकच नको, आणि ०.०४७ व ०.२२चेही दोन-दोन घे. ते आलटून पालटून लावले की सूर कुठे सरकतो ते तुला ऐकू येईल. पॉट फिरवताना मध्ये खरखर आली तर सर्किट तपासत बसू नकोस, आधी पॉट बदल. रेकॉर्डिंग झालं की पाठव. वाट बघते.

तुझी,
ताई